शिट्टी होईपर्यंत

वस्तादांनी माझं नाव कधी विचारलं नाही. शाळेत मी वर्गातल्या एका पोराला उचलून बाकावर आपटलं होतं. गुरुजींचा निरोप घरी आला, तशी आईनं माझं मनगट धरलं आणि मला थेट तालमीच्या दारात नेऊन उभं केलं. "हिच्या अंगातली मस्ती कुठंतरी खर्ची घाला," एवढंच ती म्हणाली. वस्ताद ओट्यावर बसून भाकरी खात होते. त्यांनी मला एकदा खालून वर बघितलं आणि म्हणाले, "बेचाळीस."

मला वाटलं, हजेरीचा नंबर असेल. आतून काकू, म्हणजे त्यांच्या बायको, म्हणाल्या, "आगं, वजन सांगायलेत ते तुपलं. दाराआड काटा हाय, त्याच्यावर हुभी ऱ्हा." आडत दुकानातून मोडीत काढलेला धान्याचा काटा होता तो. मी चढले. काटा बेचाळीसच्या जरासा पुढं जाऊन थांबला. वस्तादांनी घास गिळला आणि विचारलं, "येताना पाणी पेलीस का?" मी प्याले होते.

त्या दिवसापासून मी बेचाळीस झाले. पुढं अंग भरत गेलं तशी शेहेचाळीस, पन्नास, आणि शेवटी त्रेपन्न. तालमीतल्या कुणालाच नाव नव्हतं. गावातसुद्धा ते असंच चालायचं. सरपंच समोरून आले की वस्ताद हात जोडून म्हणायचे, "एकशे चार, बरं हाय का?" सरपंचांनी आधी राग धरला, मग पोट कमी करायला घेतलं, आणि अठ्ठ्याण्णव झाल्यावर स्वतःच येऊन सांगून गेले. काकूंचं वजन मात्र वस्तादांनी अख्ख्या आयुष्यात उच्चारलं नाही. तेवढी अक्कल होती त्यांना.

नांदूरघाटाच्या अलीकडं आमचं गाव. तिथल्या रस्त्यावर ऐन उन्हाळ्यात, लोक झाडाखालून हलत नाहीत अशा उन्हात, लोकरीचा स्वेटर आणि कानाला मफलर बांधून पळणारा माणूस दिसला तर ते आमचे वस्ताद. कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती, वजन उतरवायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी पळायचे. मफलर काढला की कान दिसायचे. दोन्ही कान चुरगळून गोळा झालेले. लहान पोरं त्या कानांना हात लावायला मागायची आणि ते लावू द्यायचे.

कितीतरी देश फिरून आले होते ते. आम्ही पोरी मागं लागायचो, वस्ताद, सांगा ना तिकडचं. ते आठवून आठवून सांगायचे, "तिथली मॅट लई मऊ. गुडघा रुतायचा." दुसऱ्या एका देशाबद्दल म्हणायचे, "दही चांगलं मिळतंय." तिसऱ्या देशाचं नावच त्यांना आठवत नव्हतं, पण तिथला वजनाचा काटा पाव किलो जास्त दाखवायचा, हे पक्कं लक्षात होतं. समुद्र, बर्फ, मोठ्या इमारती, यातलं त्यांनी काहीच बघितलं नसावं. बघितलं असलं तरी त्याचं वजन करता आलं नसेल.

आशिया खंडाच्या एका स्पर्धेत त्यांना कांस्य मिळालं होतं. ते पदक काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवलं होतं. पण गावात त्या पदकाचं कुणी नाव काढत नसे. गावाला हवी असायची ती त्यांची पहिली परदेशी स्पर्धा आणि त्यातली हरलेली कुस्ती.

ती गोष्ट अशी. पदकाची कुस्ती होती. आपल्या पैलवानानं तिकडच्या गड्याला ढाक लावून असा आपटला की त्याची पाठ मॅटला चिकटली. साऱ्या जगानं बघितली. पण पंच पडला तिकडचा. त्यानं शिट्टी मारलीच नाही. उलट कुस्ती चालू ठेवली आणि त्या गड्याला जिंकवून दिलं. पंचांनी खाल्लं, म्हणून आपलं सोनं गेलं. हे सांगताना प्रत्येक जण पदरचं थोडं घालायचा. न्हाव्याच्या दुकानात पंचानं घड्याळ घेतलेलं असायचं, चहाच्या हाटेलात त्याला मोटार मिळालेली असायची. वस्ताद त्या वेळी तिथंच बसलेले असले तर मान खाली घालून ऐकायचे आणि गोष्ट संपायच्या आत उठून जायचे. गाव म्हणायचं, केवढा मोठा माणूस, एवढं सोसलं पण तोंडातून शब्द नाही.

त्यांची दुसरी एक खोड सगळ्या केज तालुक्याला माहीत होती. त्यांनी हातात धरलेली गोष्ट सुटायची नाही. नमस्कार करून कुणी हात पुढं केला की वस्ताद तो धरायचे, आणि समोरचा "झालं" म्हणेपर्यंत धरून ठेवायचे. जोरात दाबायचे नाहीत, दुखवायचे नाहीत, फक्त सोडायचे नाहीत. लग्नात ओळखीचे लोक त्यांना लांबूनच हात जोडायचे. नवखा नवरदेव सापडला तर अक्षता पडून गेल्या तरी त्याचा हात वस्तादांच्या हातात असायचा, आणि शेवटी कुणीतरी नवरदेवाच्या कानात सांगायचं, "झालं म्हणा, झालं म्हणा."

याच खोडीनं आम्हाला मॅट मिळाली. आमच्या भागातले एक पुढारी सत्काराला आले होते. भाषणाच्या भरात ते म्हणाले, आपल्या लेकींच्या कुस्तीसाठी या तालमीला मॅट देऊ. टाळ्या झाल्या. पुढाऱ्यांनी वस्तादांशी हात मिळवला, फोटो निघाला, आणि हात तिथंच राहिला. पुढाऱ्यांनी माईक डाव्या हातात घेतला आणि पाण्याच्या योजनेवर बोलले. मग रस्त्यावर बोलले. हार गळ्यातून सरकून कोपराशी आला. शेवटी वाकून हळूच म्हणाले, "झालं, पैलवान."

"कुठं झालं साहेब? मॅट कवा?"

"देऊ की. बघू."

हात होता तिथंच. लोक हसायला लागले होते. पुढाऱ्यांना ते कळलं, तेही हसले, पण घाम फुटला होता. "दिवाळीपर्यंत देतो."

"माईकवर सांगा," वस्ताद म्हणाले. त्यांनी माईकवर सांगितलं, तेव्हा सुटका झाली. मॅट दिवाळीनंतर आली, जुनी होती आणि एका कोपऱ्यात फाटलेली होती. काकूंनी गोधडीच्या दोऱ्यानं तो कोपरा शिवला.

माझ्याबाबतीतही हेच झालं, फक्त तेव्हा कुणी हसलं नाही. आमचे अण्णा आणि आई दर हंगामाला उसतोडीला जायचे. त्या वर्षी मी पंधराची झाले होते, आणि टोळीत दोघांचा स्वयंपाक बघायला, उसाच्या हिरव्या शेंड्यांची वाढं बांधायला मला न्यायचं ठरलं होतं. माझं गाठोडं ट्रकमध्ये चढलं होतं. मुकादम हॉर्न वाजवत होता. वस्ताद स्वेटर घालून पळत पळत आले, ट्रकच्या मागच्या फळीशी थांबले आणि वर उभ्या अण्णांकडे हात केला. अण्णांनी वाकून हात दिला. त्यांना वाटलं, निरोप द्यायला आले.

"पोरीला ठिवून जावा," वस्ताद म्हणाले.

"कसं ठिवू पैलवान? कुठं ऱ्हाईल ती?"

"मपल्या घरी. काकूपशी."

ट्रक सुरू झाला होता. मुकादम ओरडत होता. अण्णा म्हणाले, "झालं, सोडा आता, गाडी निघाली." वस्तादांनी हात सोडला नाही. ट्रक हळूहळू पुढं सरकला आणि तेही बरोबर चालायला लागले, मग पळायला लागले. आई रडत होती आणि मला कळत नव्हतं की ती मला ठेवायला रडते आहे की न्यायला. शेवटी अण्णाच म्हणाले, "दोन हंगाम. दोन हंगामात पोरगी कुठल्या संघात गेली तर गेली. न्हाईतर तिसऱ्याला माझ्यासंगं यील, पुन्हा मधी पडायचं न्हाई. झालं?"

"झालं," वस्ताद म्हणाले आणि हात सोडला. मी गाठोडं घेऊन चालत्या ट्रकमधून उडी मारली. ती उडी मी नीट मारली होती, याचा मला अजून अभिमान आहे.

वस्तादांचा एक नियम होता. त्यांच्या गळ्यात कायम एक शिट्टी असायची, आणि तालमीत सुरू झालेली कुठलीही गोष्ट शिट्टी झाल्याशिवाय संपायची नाही. जोर असोत, बैठका असोत, जोड लावलेली असो. तुम्हाला वाटलं संपलं, म्हणून संपत नसे. समोरचीला पाडून, तिची पाठ लावून, दम खात पडलेलं असताना वस्ताद मुद्दाम दुसरीकडे बघायचे. खालची तडफडायची, वरचीचे हात भरून यायचे. मग कधीतरी शिट्टी. एकदा मी आपणहून सोडलं तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी जोड दिली नाही. दिवसभर भिंतीला पाठ लावून इतरांची कुस्ती बघत बसायला लावलं. घरातही त्यांनी हा नियम आणायचा प्रयत्न केला होता, म्हणजे जेवणावरून शिट्टी झाल्याशिवाय उठायचं नाही वगैरे. पण काकूंनी उंबऱ्यातच हात पुढं केला, "ती शिट्टी हिकडं." घरात शिट्टी काकूंकडे असायची आणि त्या ती कुकरसारखी वाजवायच्या.

गावाचा त्यांच्यावर खरा राग होता तो जत्रेपायी. आमच्या भागात जत्रेत हलगी लागते, लाल मातीचा आखाडा भरतो, नारळाच्या इनामापासून कुस्त्या सुरू होतात. पोरींच्या कुस्त्यांना तर आता बघ्यांची रीघ लागते. पण वस्ताद आम्हाला जत्रेत उतरू देत नसत. मातीला एकदा हात लावून कपाळाला लावायचा, तेवढंच.

"तुमी सोता मातीतून वर आलाव आन् पोरींना कावून अडवता?" सरपंच विचारायचे.

"मातीत लवकर उठायची सवय लागती," वस्ताद म्हणायचे.

हे कुणाला समजायचं नाही. मला समजायला वेळ लागला तरी गोष्ट साधी होती. मातीच्या कुस्तीत समोरच्याची पाठ एकदा जमिनीला टेकली की खेळ खल्लास. हलगी थांबते, जिंकलेला उठतो, लोक त्याला खांद्यावर घेतात. मॅटवर तसं नाही. तिथं पाठ टेकवल्यावर दाबून धरावी लागते. पंच वाकून बघतो, दुसऱ्या पंचाकडे बघतो, मॅटवर थाप मारतो, शिट्टी मारतो, तेव्हा चितपट. तोपर्यंत कुस्ती चालूच. जन्मभर मातीत खेळलेल्या माणसाच्या अंगाला हे पटत नाही. पाठ टेकल्याचा आवाज आला की त्याचं अंग आपोआप उभं राहतं.

दुसऱ्या हंगामात राज्याच्या संघाची निवड चाचणी बीडलाच निघाली. पत्र्याचं छत असलेला मोठा हॉल होता. माझ्या वजनात शेवटी आम्ही दोघी उरलो. ती आष्टीकडची. तिच्याबरोबर तिचा मामा होता, आणि मामाबरोबर गावची दहाबारा माणसं. जत्रेतल्या नारळांनी तिचं घर भरलंय, असं तिची माणसं ऐकवत फिरत होती. खरं असावं. हात असे होते तिचे की धरलं की मला माझंच मनगट परकं वाटायला लागलं.

अण्णा त्या वेळी उसाच्या फडात होते. हरले असते तर पुढच्या हंगामाला माझंही गाठोडं ट्रकमध्ये चढणार होतं, आणि यावेळी वस्ताद मध्ये पडणार नव्हते. त्यांनी शब्द दिला होता. मी मॅटवर चढताना त्यांच्याकडे बघितलं. ते कोपऱ्यात खुर्चीवर स्वेटर घालून बसले होते आणि माझ्याऐवजी पंचाच्या तोंडातल्या शिट्टीकडे बघत होते.

कुस्ती सुरू झाली आणि थोड्याच वेळात तिनं मला कलाजंग टाकली. कधी खांद्यावर घेतलं ते कळलंच नाही. छताचे पत्रे दिसले आणि पाठ मॅटवर आपटली. दोन्ही खांदे टेकले होते. तिच्या माणसांनी आरोळी दिली. मी डोळे मिटले. मला मुकादमाचा हॉर्न ऐकू आला, खरंच सांगते.

आणि मग अंगावरचं वजन गेलं. डोळे उघडले तर ती उभी होती. माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून मामाकडे बघत होती. मग वाकली, मॅटला हात लावला आणि कपाळाला लावला.

मी तशीच पडून होते. संपलं, असंच मलाही वाटलं होतं, मीही त्याच मातीतली. तेव्हा कोपऱ्यातून वस्तादांचा आवाज आला. ओरडले नाहीत. भाकरी वाढा म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "त्रेपन्न, शिट्टी झाली का?"

झाली नव्हती. मी उठले तीच मागून तिच्या दोन्ही पायांना मिठी घालत. ती तोंडावर पडली. तिला काय होतंय हे कळायच्या आत मी तिला वळवलं, पाठ टेकवली आणि छातीवर सगळं अंग टाकून दाबलं. ती धडपडत होती. पंच वाकला. दुसऱ्या पंचाकडे बघितलं. मी दाबत होते. थाप पडली, शिट्टी झाली, तरी मी दाबत होते. पंचानं खांद्यावर हात ठेवला तेव्हा सोडलं.

मग गोंधळ झाला. मामा पंचाच्या अंगावर धावला, "पाठ लागली व्हती की बे! समद्यांनी बघितलं!" त्याची माणसं म्हणाली, मागून धरलं, पाठीत वार केला. काही जण वस्तादांकडे बोट दाखवून बोलले. मला त्या दिवशी त्याचं वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. कुस्ती चालू होती आणि मी खेळत होते.

वस्तादांनी शाबासकी दिली नाही. माझ्याजवळून सरळ पुढं गेले. ती पोरगी हॉलच्या पायरीवर टॉवेलमध्ये तोंड घालून बसली होती. वस्ताद गुडघा धरत धरत तिच्याशेजारी बसले. मी मागं उभी होते. मामाही तावातावानं आला आणि त्यांना बघून थांबला.

"त्रेपन्न," वस्ताद म्हणाले.

सवयीनं मी "जी" म्हणाले. पण त्यांनी तिला हाक मारली होती. तिनं टॉवेल खाली केला.

"मी बी आसाच उठलतो," ते म्हणाले.

तिला कळलं नाही. मामाला थोडं कळलं असावं, कारण ती परदेशातली कुस्ती आष्टीपर्यंत पोचलेली होती. तो म्हणाला, "तुमचं तर पंचांनी खाल्लं, पैलवान. आमाला म्हाईत हाय."

"पंचानं कावून खावं? त्यो शिट्टी तोंडात धरून हुभा हुता." वस्ताद त्या पोरीशीच बोलत होते. "ढाक लावली. पाठ लागल्याचा आवाज आला. आन् मी उठलो. मॅटला हात लावून कपाळाला लावला, तू लावला तसाच. जत्रा हाय आसंच वाटलं मला. त्यानं मागून पाय वढून पट काढला. पंच वाकलाच हुता, अजून जरा धरलं आसतं तर मारलीच आसती त्यानं. मीच मारू दिली न्हाई."

तिनं विचारलं, "मंग लई रडलाव का?"

"रडू कुठं दिलं. इमानातून उतरलो तवापसून समदे सांगायलेत, पंचानं खाल्लं, पंचानं खाल्लं." मग त्यांनी हात पुढं केला. तिनं आपला हात दिला आणि अर्थातच तो अडकला. "मपल्याकडं ये. मॅट हाय. हिच्यासारखी जोड मिळंल."

ती मामाकडे बघायला लागली. मामा म्हणाला, "इचार करून सांगतो." वस्तादांनी मान हलवली आणि हात धरून बसून राहिले. हॉलमधल्या खुर्च्या उचलून झाल्या, झाडणारी बाई पायरीपर्यंत येऊन टेकली, तेव्हा मामा म्हणाला, "बरं, झालं. पाठवतो."

परत येताना चौसाळ्याला हायवेवर चहाला थांबलो. माझी राज्याच्या संघात निवड झालेली होती आणि मी रागानं फणफणत होते.

"वस्ताद, ती फुडच्या वर्षी मलाच पाडंल."

"पाडंल की," ते बशीत फुंकर घालत म्हणाले.

"मंग तिला कावून आणायलाव?"

"तिच्यावानी जोड तुला कुठं घावणार हाय? पडाय लागलीस तरच शिकशील."

मी कप खाली ठेवून विचारलं, "गावाला खरं का न्हाई सांगितलं?"

त्यांनी बशीतला एक घोट घेतला. "कुणी इचारलंच न्हाई. समदे मलाच सांगायचे काय झालं ते. आन् गाव मपल्या बाजूनं बोलत हुतं. बाजूनं बोलणाऱ्याला खोटं कसं पाडावं?" चहा संपवून त्यांनी हाटेलवाल्याकडे एकदा बघितलं. "एकोणऐंशी," म्हणाले आणि जीपकडे निघाले.

खरी गोष्ट मामाच्या तोंडून आठवड्याभरात आमच्या गावात आली. गावानं ती साफ नाकारली. न्हावी म्हणाला, "बघा, पैलवान केवढ्या मनाचा. अजून त्या पंचाला वाचवायलाय."

अण्णा हंगामावरून परत आले ते ट्रकमधून उतरून थेट वस्तादांच्या ओट्यावर गेले. दोघं एकमेकांचा हात धरून कितीतरी वेळ बसले. दोघांतलं कुणीच झालं म्हणालं नाही. काकूंनीच शेवटी शिट्टी वाजवून दोघांना जेवायला उठवलं.

आष्टीची आली. काकूंनी एक जादा म्हैस घेतली. ती आल्याच्या पहिल्याच दिवशी वस्तादांनी आमची जोड लावली, तिनं मला पाडलं, पाठ टेकवली आणि झटकन उठायला लागली. "शिट्टी," मी खालून म्हणाले. ती पुन्हा बसली. असं रोज. कधी ती खाली, कधी मी. वस्ताद शिट्टी तोंडात धरून दाराबाहेरच्या म्हशीकडे बघत उभे राहायचे. तिच्या अंगातली माती निघायला पावसाळा गेला, हिवाळा गेला. आम्ही एका ताटात जेवायचो, एका गोधडीत झोपायचो, आणि मॅटवर एकमेकींचे कान मोडायचो. माझा डावा कान तिनं केलेला आहे.

पुढची चाचणी देशाच्या संघाची होती. आम्ही दोघीही राष्ट्रीय शिबिरातून तिथवर गेलो होतो आणि शेवटी पुन्हा आम्हीच समोरासमोर आलो. जिंकेल ती परदेशी जाणार. वस्तादांनी दोघींपैकी कुणाचाच कोपरा घेतला नाही. ते समोर लोकांत, बरोबर मधल्या खुर्चीवर बसले.

मी जीव तोडून खेळले. गुण माझे जास्त होते. शेवटी शेवटी तिनं तीच कलाजंग टाकली, आणि मला पुन्हा छत दिसलं. पाठ टेकली. मी वाट बघत होते. एक क्षण मला वाटलं, उठेल, तिचं अंग उठेल. ती उठली नाही. छातीवर अंग टाकून, डोळे घट्ट मिटून तिनं मला दाबून धरलं. थाप पडली. शिट्टी झाली. पंचानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तरी ती सोडेना. पंच तिला उचलायला लागला, तरी सोडेना. माझा श्वास अडकला होता.

तेव्हा मधल्या खुर्चीवरून आवाज आला, "त्रेपन्न, झालं. सोड आता."

तो शब्द मी त्यांच्या तोंडून आपणहून आलेला तेव्हा पहिल्यांदाच ऐकला. तिनं सोडलं.

ती पंचाबरोबर मॅटच्या मधोमध गेली, तिचा हात वर झाला. मी बाजूला येऊन जमिनीवर बसले आणि टॉवेलमध्ये तोंड घातलं. रडत होते. परदेशी जायचं विमान गेलं, आणि शिट्टीपर्यंत दाबून धरायला मीच रोज खाली पडून तिला शिकवलं होतं. शेजारी कुणीतरी गुडघा धरत धरत बसल्याचा आवाज आला. वस्तादांनी हात पुढं केला. मी दिला नाही. त्यांनी तो तसाच पुढं धरून ठेवला. बराच वेळ गेला. मग मी दिला.

त्यांनी मला खालून वर बघितलं, आईनं मला तालमीच्या दारात उभं केलं होतं त्या दिवशी बघितलं होतं तसंच.

"पंचावन्न," ते म्हणाले.

"वस्ताद, त्रेपन्न हाय मी. सकाळी तुमीच काट्यावर बघितलंय."

"ते सकाळचं." त्यांनी माझा हात धरलेलाच होता. "संघात पंचावन्न किलोच्या गटाची जागा रिकामी हाय. सा महिन्यांनी चाचणी हाय. उद्यापसून दूध वाढीव."

मी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही. झालंही म्हणाले नाही.